आठ वारांची अमा

अमा खिन नसती तर मी आज जपानात नसते. असते तरी लेकीच्या शाळेतून आलेला प्रत्येक कागद हातात धरून दारात कुणाची तरी वाट बघत उभी असते. हे पहिल्यांदाच लिहून टाकते. पुढे तिच्याबद्दल जे येणार आहे त्यात तिचा तोंडाळपणाच जास्त असेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई कुणाचं भलं करणाऱ्यातली नव्हतीच. तिला स्वतःलाही तसंच वाटायचं. "मी कुणाला मदत करत नाही," ती म्हणायची. "मला वेडेपणा बघवत नाही, एवढंच."

अमा म्हणजे त्यांच्या भाषेत थोरली बहीण. तिचा देश ब्रह्मदेश. नकाशावर आता म्यानमार लिहितात. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, पाठ मात्र ताठ. आम्ही दोघी टोकियोशेजारी, ग्योतोकुजवळच्या एका डब्यांच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला होतो. कोंबिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत, जे बेन्तो, म्हणजे तयार जेवणाचे डबे मिळतात, ते भरायचं काम. पट्टा सरकत असतो, डबे येत असतात. एकीने भात घालायचा, दुसरीने मासा, तिसरीने लोणचं, चौथीने झाकण लावायचं. अमा भातावर होती, आणि त्या भाताबद्दल तिचं मत अगदी वाईट होतं. "मधोमध एक आंबट बोर ठेवतात आणि त्याला जेवण म्हणतात," ती म्हणायची. "आमच्याकडे कैद्यालासुद्धा वरण मिळतं."

आमची दोघींची भाषा म्हणजे कारखान्याची जपानी. शब्द मोजके, त्यातले निम्मे भाज्यांचे. तेवढ्या शब्दांतही अमा असं टोचून बोलायची की समोरच्याला दोन दिवसांनी कळावं. जपानी बायका एकमेकींना "गांबात्ते" म्हणतात, म्हणजे जोर लाव, नेट धर. कुणी अमाला तसं म्हटलं की ती वाकून आभार मानायची आणि मला म्हणायची, "हिने मला सांगितलं म्हणून आता मी जोर लावते. नाहीतर एवढी वर्षं झोपलेच होते." मी तिच्याशी तुम्ही म्हटल्यासारखंच बोलायचे, लिहिताना मात्र ती येतं, आईला येतं तसं.

माझी शाळा आठवीनंतर सुटली. सुटली म्हणजे हायस्कूल सात किलोमीटरवर होतं आणि सायकल भावाला मिळाली. नवरा स्वयंपाकी. हिगाशी-कसाईच्या इमारतींमधल्या पुण्या-मुंबईच्या साहेबलोकांना परदेशातही घरच्यासारखी भाजी लागते, ती तो एका हॉटेलात बनवतो. त्याच्या मागोमाग मी आणि लेक आलो. आल्यापासून मला एकच भीती: कुणीतरी एक कागद पुढे करेल, मला वाचता येणार नाही, आणि आम्हाला परत पाठवतील.

कामाला लागून आठवडाही झाला नव्हता. त्या दिवशी मला झाकणावर लेबल लावायला उभं केलं. दोन गुंडाळ्या दिल्या, एक मासळीच्या डब्याची, एक कोंबडीच्या. मला जपानी अक्षर एक येत नव्हतं. रंगावरून ओळखायचं असं मी ठरवलेलं. दोन्ही गुंडाळ्या पांढऱ्या निघाल्या. विचारायची छाती झाली नाही. विचारलं तर कळेल की हिला वाचता येत नाही, कळलं तर काढतील, काढलं तर भाडं, भाडं थकलं तर विमान. माझं डोकं असंच पायरी पायरीने खाली उतरत जातं. मी अंदाजाने लावत गेले. चाळीसेक डबे पुढे गेल्यावर अमाने मान वळवून पाहिलं आणि भिंतीवरचं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला.

आमच्याकडे पट्टा थांबवणं म्हणजे लग्नात मंगलाष्टकं थांबवण्यासारखं. मुकादम धावत आला. अमा पुढे झाली. "गुंडाळ्या माझ्या हातून बदलल्या," ती म्हणाली. "चष्मा विसरले."

तिला चष्मा नव्हताच. मुकादम बराच वेळ बोलला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तो वळल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंगळवारचा आहे. मंगळवारची माणसं ओरडतात आणि विसरतात. तू कुठल्या वाराची?"

ही तिची सवय. माणूस भेटला की त्याचा जन्मवार विचारायचा. त्यांच्याकडे नाव वारावरून ठेवतात, देवळात प्रत्येक वाराचा कोपरा वेगळा, प्रत्येक वाराचं जनावर वेगळं. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह. ती स्वतः शनिवारची, नागाची. "शनिवारच्या बाईला सासर आणि नोकरी दोन्ही लाभत नाही," असं मोठ्या अभिमानाने सांगायची.

मी तिला माझं कार्ड दाखवलं, परदेशी माणसाने इथे सतत जवळ बाळगायचं असतं ते. त्यावर जन्मतारीख एक जून. नवऱ्याच्या कार्डावरही एक जूनच. आमच्या वॉर्ड ऑफिसातल्या बाईने तर दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिला कसं सांगणार की आमच्याकडे गुरुजी पाटावर बसून दाखले लिहीत, आईबापाला तारीख आठवत नसे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून. अमाने फोनवर त्या वर्षीचा एक जून शोधला. तो शनिवार निघाला. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"खोटं आहे," ती म्हणाली. "शनिवारची माणसं एवढी घाबरत नाहीत. घरी विचार."

मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "बाजाराचा दिस व्हता. पाटी खाली ठिवली आनि तू झालीस."

म्हणजे बुधवार. आमच्या गावचा बाजार बुधवारचा.

"सकाळी का दुपारी?" अमाने मला विचारायला लावलं.

"आगं बाजार करून आले म्हंजी दुपारच की. कशाला इचारतीस, लगीन ठरवतीस का काय दुसरं?"

अमाचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे आठवड्याला आठ वार असतात. बुधवारचे दोन: सकाळचा निराळा, दुपारचा निराळा. सकाळचा सुळे असलेला हत्ती, दुपारचा बिनसुळ्यांचा. आणि दुपारच्या बुधवारचा मालक राहू. राहू म्हटल्यावर मी हबकलेच. आमच्याकडे राहू मागे लागला की माणूस त्याला शांत करायला भटजी गाठतो. अमा म्हणाली, "बरोबर बसतंय. एवढं मोठं जनावर, कुणाला टोचत नाही, आणि सगळ्याला भितं." त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत वाया गेलेल्या लेबलांच्या मागच्या बाजूवर ती मला अक्षरं शिकवायची. पाच अक्षरं रोज. चुकलं की "हत्ती" म्हणायची. सहा महिन्यांनी मी लेकीच्या शाळेची चिठ्ठी स्वतः वाचली. त्यात लिहिलं होतं की उद्या कोरडी चिंधी पाठवा. मी रडले. लेक जपानीत म्हणाली, "आई, चिंधीच तर आहे."

आता अमाच्या देवळाबद्दल.

अमाच्या मुलखात एक टेकडी आहे. टेकडीच्या पूर्वेला एक गाव, पश्चिमेला एक गाव, आणि माथ्यावर पॅगोडा: खाली चौथरा, वर घंटेसारखा घुमट, त्यावर कळस, आणि चौथऱ्याभोवती आठ वारांचे आठ कोपरे. आपल्या वाराच्या कोपऱ्यातल्या मूर्तीवर आपल्या वयाइतकी भांडी पाणी घालायचं, वर एक जास्तीचं. वर जायला दोन्ही गावांतून एकेक जिना. अमा पूर्वेकडची लेक, पश्चिमेकडची सून. युद्ध सुरू झालं तेव्हा एक गाव एका बाजूच्या हातात गेलं आणि दुसरं दुसऱ्या. टेकडी मधोमध. एक दिवस तोफेचा गोळा पॅगोड्यावर पडला. कळस गेला, घुमट उभा चिरला, दोन्ही जिने ढासळले. गोळा कुणाचा, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे: दुसऱ्याचा.

अमाची धाकटी बहीण पूर्वेच्या गावात. टेकडी चढून गेलं तर तासाभराची वाट. युद्ध लागल्यापासून सासरच्यांपैकी कुणाला ती दिसली नव्हती. फोन लागला तर लागला. अमाचं म्हणणं एवढंच होतं की पॅगोडा बांधायचा तर दोन जिन्यांचा, नाहीतर दगड तसेच पडू देत. "एका जिन्याचा बांधला की टेकडी कायमची कुणातरी एकाची झाली," ती म्हणायची. मी एकदा म्हटलं, बहिणीची फार आठवण येत असेल. तिने मला झटकलंच. "आमचं दोघींचं कधी पटलं नाही. पण भांडायला तरी समोर यायला नको?"

टोकियोत दोन्ही गावांची माणसं आहेत. त्यांनी समिती केली. मग दोन समित्या केल्या. एकीच्या नावात शांतता आधी होती आणि पुनर्बांधणी नंतर, दुसरीच्या नावात उलट; बाकी फरक मला आजतागायत कळलेला नाही. मला मात्र यात नवल वाटलं नाही. हिगाशी-कसाईत आमच्या लोकांत कुठलीही तोफ डागलेली नसताना प्रसादाच्या मेनूवरून एका गणपतीचे दोन गणपती झाले होते. नवरा दोन्हीकडे मोदक पोचवायचा, आणि दोन्हीकडचे त्याला हळूच विचारायचे, तिकडे किती लोक आले होते.

टेकडीवर एक म्हातारे भिक्खू राहतात. दोन्ही गावं त्यांचं ऐकतात. त्यांनी निरोप धाडला होता की टोकियोतल्यांनी आधी एक आराखडा ठरवावा. परदेशात खुर्च्यांवर बसलेल्यांचं एकमत होत नसेल तर इथे बंदुका घेतलेल्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा एकत्र सभा बोलवावी लागली. ग्योतोकुतल्या सार्वजनिक सभागृहात, रविवारी दुपारी, बूट बाहेर काढून.

अमा मला घेऊन गेली. "तू बाहेरची आहेस," ती म्हणाली. "तुझ्यासमोर जरा कमी ओरडतील." मी म्हटलं, मला तुमची भाषा येत नाही. ती म्हणाली, त्यात तुझा फायदाच आहे. निघण्याआधी तिने सहाणेसारख्या दगडावर त्यांच्याकडच्या बायका लावतात ते सुगंधी लाकूड उगाळून दोन्ही गालांवर पिवळट लेप लावला. कारखान्यात तो लावायला बंदी, म्हणून रविवारी दुप्पट लावायची. सहाणेवर खोड फिरल्याचा तो आवाज ऐकला की मला माहेरचा देव्हारा आठवायचा.

सभेत अमा माझ्या कानात सगळं जपानीत सांगायची, आणि त्यात आपल्या शिव्या मिसळायची. त्यामुळे कोण नक्की काय बोललं हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

पश्चिमेच्या समितीचे अध्यक्ष मिन-सान (सान म्हणजे आपलं राव), कॉम्प्युटर कंपनीतले, रविवारीही टाय. पूर्वेच्या समितीचे सो-सान, जुन्या गाड्या परदेशी पाठवणारे. दोघांनी आराखडे आणले होते. मिन-सानच्या आराखड्यात पश्चिमेला रुंद जिना होता आणि पूर्वेला फुलबाग. सो-सानच्या आराखड्यात पूर्वेला रुंद जिना होता आणि पश्चिमेला स्वच्छतागृह. मूर्तीच्या मागे फिरते रंगीत दिवे दोन्हींत होते, आणि पाटीवर पहिलं नाव कुणाचं याची चौकट दोन्हींत मोकळी ठेवली होती. "गोळा टेकडीवर पडला," अमा कुजबुजली, "पण फुटला यांच्या डोक्यात."

प्रत्येकाकडे पुरावा म्हणून फोटो होते. गंमत अशी की माणूस ज्या जिन्याने वर जातो त्याच जिन्यावर उभा राहून फोटो काढतो. पश्चिमेकडच्यांच्या सगळ्या फोटोंत पश्चिमेचा जिना, पूर्वेकडच्यांच्या सगळ्यांत पूर्वेचा. त्यावरून दोन्ही समित्यांनी ठरवलं की मूळचा जिना आपला, समोरचा मागाहून कुणीतरी केलेला. सो-सान म्हणाले, दुसरा जिना आपण कधी पाहिलेलाच नाही. मिन-सान म्हणाले, आपणही नाही. त्या दिवशीचं त्यांचं एकमत तेवढंच.

पायऱ्या किती, यावरही अर्धा तास गेला. अमाला पश्चिमेच्या अठ्ठावन्न पक्क्या आठवत होत्या, कारण सून म्हणून ती रोज पाण्याचा घडा घेऊन तो जिना चढली होती. पूर्वेच्या आठवत नव्हत्या. लहानपणी कोण पायऱ्या मोजतं, धावतच सुटतो आपण. हे तिला फार लागलेलं होतं. ग्योतोकु स्टेशनवर सरकता जिना असला तरी ती साध्या जिन्यानेच चढायची, ओठ हलवत, जणू पायांना विचारलं तर आठवेल.

बराच वेळ ऐकून घेतल्यावर अमा उभी राहिली. बाई म्हणून तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. तिने मिन-सानना एकच प्रश्न विचारला, तोही शांतपणे.

"तुझी आई कुठल्या गावची?"

मिन-साननी टाय सारखा केला. मग म्हणाले, पूर्वेची.

"लग्नाच्या दिवशी कुठून चढली आणि कुठून उतरली?"

दोन गावांत सोयरीक झाली की वरात टेकडीवरून जायची. नवरी माहेरच्या जिन्याने चढायची, आपल्या वाराच्या कोपऱ्यात पाणी घालायची आणि सासरच्या जिन्याने उतरायची. अमा तशीच उतरली होती. मिन-सानची आईही.

"आणि तुझी?" तिने सो-सानकडे वळून विचारलं. त्यांची आई पश्चिमेची निघाली.

"मग एक जिना मागाहून झाला म्हणता, तर तुमच्या आया घुमटावरून उड्या मारून सासरी गेल्या का?"

मला हे भाषांतर अमाने नाही, शेजारच्या एका मुलीने करून दिलं, हसू दाबत. खोलीत पंधरा-वीस पुरुष होते. सगळे आपापल्या आराखड्यात काहीतरी शोधू लागले. एकाने हळूच फोन काढून घरी लावला. आईच्या लग्नाचा फोटो आहे का ते विचारत होता. पुढच्या सभेला असे सहा फोटो आले. कुणाच्या आईच्या मागे हा जिना, कुणाच्या मागे तो. दोन जिन्यांचा आराखडा मंजूर झाला. मिन-साननी भाषणात त्याचं श्रेय चर्चेच्या परंपरेला दिलं. अमा म्हणाली, "बघ, मी परंपरा झाले."

पण लवकरच दुसरं अडलं. भिक्खूंनी दोन्ही गावांकडून कबूल करून घेतलं की गवंडी वर जातील, बंदूक कुणी आणणार नाही. फक्त दोन्ही गट एकाच दिवशी नकोत. दिवस वाटून घ्या. वार सात, गावं दोन. तीन तुमचे, तीन आमचे, आणि रविवार कुणाचा? सुट्टी ठेवावी तर दोघांनाही भीती, की रिकाम्या दिवशी दुसरा वर जाऊन काहीतरी करून ठेवेल. एकाआड एक घ्यावा तर पहिला रविवार कुणाचा? यावर तीन सभा झाल्या. मिन-साननी तक्ता करून पडद्यावर दाखवला, त्यात रविवार लाल रंगात होता. तिकडे पावसाळा जवळ येत होता, घुमटाच्या चिरेत पाणी शिरलं असतं तर उरलेलाही खाली आला असता, आणि इकडे ही मंडळी लाल चौकोनाकडे बघत बसली होती.

तिसऱ्या सभेत अमाने पिशवीतून विणकाम काढलं होतं. ते खाली न ठेवताच म्हणाली, "सात वार कुणाचे? जपान्यांचे, त्यांनाच लखलाभ. आपले किती?"

मग मागून कुणीतरी म्हणालं, आठ.

"आठाचे दोन भाग होतात का? का त्यालाही तक्ता लागेल?"

चार वार पूर्वेचे, चार पश्चिमेचे. बुधवारची सकाळ पूर्वेची, दुपार पश्चिमेची. धर्मानेच सांगितलंय म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येईना. उलट आपल्या लक्षात कसं आलं नाही म्हणून सगळे एकमेकांकडे दोष देणाऱ्या नजरेने पाहत होते. भिक्खूंकडे निरोप गेला. दोन्ही गावांनी मान्य केलं.

परत येताना मी स्टेशनच्या जिन्यावर तिला गाठलं. ती मोजत होती, म्हणून वर पोचेपर्यंत थांबले. मग विचारलं, "अमा, बुधवारी बाराला एक गट उतरणार आणि दुसरा चढणार. म्हणजे ते समोरासमोर येतील की."

"येतील."

"तुम्हाला हे आधी सुचलं होतं?"

"बाराला काय होतं?" तिने विचारलं.

"काय होतं?"

"भूक लागते. इतकी वर्षं डबे भरतेस, हत्ती, एवढंही कळत नाही."

काम सुरू झालं. सो-सानचा भाचा तिथून फोनवर चित्रफिती पाठवायचा, अमा त्या मला सुट्टीत दाखवायची. पहिले काही बुधवार काहीच घडलं नाही. पश्चिमेचे गवंडी पायथ्याशी बसून राहायचे, पूर्वेचा शेवटचा माणूस दिसेनासा झाला की मगच वर जायचे. अमा म्हणायची, "बायकासुद्धा एवढ्या लाजत नाहीत." पण गवंडीकामाची स्वतःची अडचण असते. सकाळी भिजवलेला माल दुपारपर्यंत थांबत नाही. एका बुधवारी पूर्वेच्या म्हाताऱ्या गवंड्याचा घमेलंभर माल उरला. टाकून देणं त्याच्या जिवावर आलं. तो तिथेच बसून राहिला, आणि पश्चिमेचे लोक वर आले तेव्हा त्यांना म्हणाला, "यात पाणी घालू नका, झालंय." एवढंच बोलून उतरला. पुढच्या खेपेला ओळंबा द्यायला थांबला, कारण टेकडीवर धड ओळंबा एकच होता. मग कोण थापी देतं, कोण चहा देतं. शेवटच्या चित्रफितीत दोन्हीकडचे आठ-दहा जण चौथऱ्यावर पाय सोडून बसले होते आणि डबे उघडे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकाने मात्र दुसऱ्याच्या डब्यातला मासा न विचारता उचलला होता.

अमाने ती चित्रफीत दोनदा पाहिली. "बघ," ती म्हणाली, "यांच्या भातावर बोर नाही." मग नाक पुसलं आणि लेबलांची गुंडाळी माझ्याकडे सरकवली, वाच म्हणून.

टोकियोत पाटीवरच्या नावांचं अजून चालू आहे. ते चालूच राहील.

मागच्या वर्षी कारखान्याने अमाचं काम पुढे चालू ठेवलं नाही. वय झालं म्हणाले. मुकादमाने तिला फुलांचा गुच्छ दिला आणि "गांबात्ते" म्हणाला. ती इतकी खाली वाकली की मला भीती वाटली आता ही काहीतरी बोलणार. बोलली नाही. परत जाते म्हणाली, सासरच्या गावी. मी पुष्कळ सांगितलं, तिकडे अजून काही थांबलेलं नाही, धोका आहे. "तुला कोंबिनीत जायचाही धोका वाटतो," ती म्हणाली.

मी तिला ग्योतोकु स्टेशनवर सोडायला गेले. तिच्या एका हातात बॅग, दुसऱ्यात कापडात गुंडाळलेला तो उगाळायचा दगड, वजनात भरतो म्हणून बॅगेत घातला नव्हता. तिकिटाच्या फाटकापाशी मी रडायला लागले. तिने खिशातून एक वाया गेलेलं लेबल काढून माझ्या हातात दिलं. मागे तिच्या अक्षरात एक ओळ होती, आणि ती मी अडखळत तिच्यासमोरच वाचली: शाळेची चिठ्ठी आली की आधी शेवटची ओळ वाच, कामाचं तिथेच असतं. "बरोबर वाचलंस," ती म्हणाली. आणि फाटकातून गेली. सरकता जिना रिकामा होता. ती साध्या जिन्याकडे वळली, बॅग एकेक पायरी वर ओढत. पाठमोरी होती, तरी मला माहीत होतं की ओठ हलतायत. वळून पाहिलं नाही. मोजणी चुकली असती.

दोन महिन्यांनी तिचा आवाजी निरोप आला. वारा होता, मागे कुणीतरी बाई मोठ्याने बोलत होती. अमा म्हणत होती, "बुधवार होता. मी बाराला वर पोचले, बहीण साडेबाराला आली. नेहमीसारखी. पूर्वेचा जिना पुरा झालाय. ती म्हणते पायऱ्या त्रेसष्ट, मी वरून मोजल्या, बासष्ट आहेत. तिला शेवटची पायरी आणि चौथरा यातला फरक कळत नाही. लहानपणापासून असंच. आम्ही बोलत नाही आहोत." मागची बाई काहीतरी ओरडली, आणि निरोप संपला.

त्यानंतर फोन लागलेला नाही. तिकडे महिनोन्‌महिने लागत नाही, असं सगळे सांगतात. मी रोज एकदा लावून बघते.

अमा, वाट मोकळी झाली की मी येणार आहे. विमानाचे, सरकारचे, जे काय कागद लागतील ते मी स्वतः वाचून भरेन, शेवटच्या ओळीपासून. बुधवारी दुपारी तुमच्या माहेरच्या जिन्याने चढेन आणि शनिवारच्या कोपऱ्यात तुमच्या वयाइतकी भांडी पाणी घालेन, वर एक जास्तीचं. पायऱ्या नीट मोजेन. आणि कितीही भरल्या तरी तुमच्या बहिणीला सांगेन, बासष्ट.